सभेत धरलेला रिकामा बुधला

एकदा एक निवृत्त कारकून आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. त्या नगरात जमिनीतून तेल निघे; इतकं की कावळेसुद्धा फांदीवरून घसरत. सांगणाऱ्यानं दोन-चार कावळे वाढवले असतील, पण तेल मात्र खरं.

"गुरुजी, एका तेलकंपनीचे शेअर घेतोय," शिष्य म्हणाला. "वर्षात भाव दुप्पट झाला! आता उरलेलं आयुष्य आम्हा नवरा-बायकोला याच पुंजीवर काढायचंय."

"आज तिची वार्षिक सभा आहे ना? चल. आणि तेल ठेवायचा एक रिकामा बुधला घे."

त्या नगरात लाभांश तेलाच्याच रूपात वाटायची रीत होती. सभेला मांडव, सनई, ताटभर जिलब्या. कंपनीच्या शेटजींच्या ऐन भाषणात गुरूंनी बुधला उंच धरला. "शेटजी, भागधारकाच्या बुधल्यात यंदा काय घालाल?"

"अहो, तेल काय मागता! सगळा नफा नव्या विहिरींत घातलाय. सात डोंगर खणतोय!"

"गेल्या साली?"

"पाच."

"लागलं?"

"लागेल की!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिष्य शरमेनं अर्धा झाला. "गुरुजी, भर सभेत काय हे!"

दुसऱ्या दिवशी गुरू त्याला दुसऱ्या कंपनीच्या सभेला घेऊन गेले. पत्र्याचं छप्पर, कपभर चहा. पुन्हा बुधला वर.

"यंदा तेलाचा भाव चांगला आहे, पूर्ण भरतो," तिथला मालक, एक म्हातारा व्यापारी, म्हणाला. "गेल्या साली भाव आपटला, तेव्हा पाऊण दिला."

"उसनं आणून?"

व्यापारी चिडला. किल्ली काढून त्यानं कोठारच उघडून दाखवलं. गुरूंनी आत डोकावून समाधानानं मान हलवली.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "तेलाचा भाव ना याच्या हातात, ना त्याच्या. तो चढला की व्यापाऱ्याच्या डोक्यात वारं शिरतं. दिसेल तो डोंगर खणत सुटतो. ज्याला दर साल भागधारकाचा बुधला भरायचा असतो, तो कुदळ उचलण्याआधी दोनदा विचार करतो. आणि भाव पडला, तर हाती लाभांश असलेल्याला पडत्या भावात शेअर विकावे लागत नाहीत. तो थांबू शकतो. मात्र उसन्या तेलानं बुधला भरणारा सर्वांत वाईट. म्हणून कोठार पाहिलं."

"पण त्या सात डोंगरांत तेल लागलं तर?"

"लागो बापडं! पण लागेपर्यंत तुम्ही दोघं खाणार काय?"

शिष्यानं मागे फिरून म्हाताऱ्या व्यापाऱ्याला गाठलं. "शेटजी, सगळ्यात वाईट सालात किती दिला होतात?"

"अर्धा," व्यापारी म्हणाला. "पण रिकाम्या हातानं कुणाला धाडलं नाही."

शिष्यानं पुंजी त्याच्यासमोर ठेवली.