तिसऱ्या मजल्याची हवा

तिसऱ्या मजल्यावर शालू अंगावर लावून बघता बघता नवरी भोवळ येऊन पडली! तोंडावर पाणी मारल्यावर ती सावध झाली खरी, पण अख्खं वऱ्हाड जिना उतरून थेट समोरच्या दुकानात गेलं.

जयसिंगपुरात जिनगोंडा आण्णा मगदुमांचं कापडाचं मोठं दुकान. तळमजला आणि वर तीन मजले. छपरावर चार एसी मशीनं, मजल्याला एक. चारींचा कारभार मात्र एकाच डबीवर, आणि ती डबी आण्णांच्या गादीमागच्या भिंतीवर. आण्णा तिच्यावर आकडा लावायचे. डबीला गार वाटलं की चारही मशीनं गारवा थांबवून नुसता वारा फिरवत बसायची. आता आण्णांच्या डोक्यावरच गार झोत! त्यामुळे डबी खूश, आण्णाही खूश, आणि मे महिन्याच्या उन्हात तिसरा मजला भाजून निघायचा.

"आण्णा, वर लई उकडतंय ओ!" तिसरा मजला सांभाळणाऱ्या राजमतीबाई म्हणाल्या.

"कुठं उकडतंय? हे बघा, चोवीस!" आण्णांनी डबीवर बोट आपटलं. "माझ्या दुकानात चोवीस म्हणजे चोवीस! नवरी उपाशी आली असंल. आणि तुम्हाला वर झेपत नसंल, तर सोमवारपासून तिसरा मजलाच बंद!"

वर सहा बायका कामाला होत्या. त्यांची घरं त्यावर चालायची. राजमतीबाईंनी बाहेर येऊन एसीवाल्या कंपनीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून मेहजबीन शिकलगार आली. सांगलीची पोरगी, पायात जाड बूट, कमरेला हत्यारांचा पट्टा. चारही मजले फिरून ती आण्णांपुढे उभी राहिली.

"आण्णा, तिसऱ्यावर बत्तीस आहे. प्रत्येक मजल्यावर एक सेन्सर लावायला पाहिजे."

"ते काय असतंय?"

"हवा किती गरम आहे ते सांगणारी कांडी. भिंतीवर बसवते."

"भिंतीवर!" आण्णा गादीवरून अर्धे उठले. "चारी मजल्यांवर सागवानी फळ्या हायत, वडलांनी बसवलेल्या! एक भोक पडता कामा नये. माझ्या डबीला हात लावायचा नाही. आणि वर चल म्हणू नको, माझे गुडघे गेलेत. तिसऱ्या मजल्याची हवा हितं माझ्या पुढ्यात आणून दाखव! आणलीस तर मजला चालू, नाहीतर बंद!"

गिऱ्हाइकं हसली. राजमतीबाईंचा चेहरा उतरला. हवा काय पिशवीत भरून आणायची?

मेहजबीन छताकडे बघत होती. तिथल्या जाळीला अडकलेली एक चिठ्ठी आतल्या बाजूला ओढली जात होती.

"आण्णा, तुमच्या दुकानातली हवा जाते कुठं?"

"जाईल कुठं? हितंच असती!"

"नाही ओ! मशीन ती वर ओढून घेतं, गार करतं आणि परत खाली सोडतं. म्हणजे तिसऱ्या मजल्याची हवा दिवसभर स्वतःच्या पायानं छपरावर येते! मग मी खाली भोकं कशाला पाडू? वरच उभी राहून तिला गाठते की!"

आणि ती जिना चढून गेली. छपरावरचा पत्रा हात लावू देईना. डोक्याला ओला पंचा गुंडाळून तिने एकेक मशीन उघडलं. खालून हवा येते त्या वाटेत एकेक कांडी बसवली, फटी बंद केल्या, चारही तारा मशीनं चालवणाऱ्या पॅनेलात नेऊन जोडल्या आणि आकडे मोबाइलवर घेतले. दुपार कलल्यावर लालबुंद तोंडानं ती खाली आली आणि आण्णांच्या पुढ्यात मोबाइल ठेवला.

"घ्या हवा! तळमजला तेवीस, पहिला सव्वीस, दुसरा अठ्ठावीस, तिसरा बत्तीस."

"आकडे काय, कुणीबी लिहील!" आण्णा म्हणाले.

"मग पाठवा कुणाला तरी वर. हवेला काय करायचं ते करू दे. मी इथं बसून सांगते."

आण्णांचे डोळे चमकले. दादू नावाच्या जुन्या गड्याला जवळ बोलावून ते त्याच्या कानात कुजबुजले. दादू वर गेला. सगळे तिसऱ्या मजल्याच्या आकड्याकडे बघत राहिले. बत्तीस. पाच मिनिटं झाली, तरी बत्तीसच! आण्णा मिशीत हसू लागले.

"काय गं? काय केलं तिसऱ्यावर?"

"काहीच नाही!" मेहजबीन म्हणाली. "तिसरा जिथल्या तिथं आहे. पण दुसरा अठ्ठावीसचा तीस झाला की! मी तिसऱ्यावर डोळे लावून बसेन म्हणून दुसऱ्याच्या खिडक्या उघडायला लावल्यात होय, आण्णा?"

तेवढ्यात जिन्यातून दादूचा आवाज आला, "आण्णा, दुसऱ्याच्या समद्या खिडक्या उघडल्या बघा!"

दुकानात एकच हशा पिकला. आण्णांची मिशी थरथरली, पण हट्ट कुठं सुटतोय!

"बरं, हवा आली. पण उद्यापासून मशीनं तुझ्या कांड्यांचं ऐकणार, मग माझी डबी काय शोभेला? माझा हुकूम संपला म्हणायचा?"

"संपतोय कशाला? तुम्ही चोवीस लावलंत की चारही मजल्यांवर चोवीस! हुकूम गादीवरनंच सुटणार, आण्णा. फक्त राज्यात किती उकडतंय ते गादीवर बसून कळत नाही, म्हणून छपरावर चार बातमीदार नेमलेत!"

आण्णा असे हसले, असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं!

"कर बाई, कर चालू!"

मेहजबीननं मोबाइलवर बोट दाबलं. तिसऱ्या मजल्याचा आकडा हळूहळू उतरू लागला. तीस, अठ्ठावीस, सव्वीस. राजमतीबाई तो मोठ्यानं वाचत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

"माझं मिरजेचं आणि इचलकरंजीचं दुकानही तूच बघायचंस," आण्णा म्हणाले. "आणि वर जाऊन आवडंल ती साडी घे."

"साडी नेसून छपरावर कशी चढू, आण्णा? पण पुढच्या महिन्यात माझ्या बहिणीचं लग्न आहे."

"मग शालू घे की! राजमतीबाई, चांगला भारीतला काढा. आणि हिला गार सरबत पाजा आधी!"