मधली कळी

फार मागची गोष्ट. कातळवणे गावाला तेव्हा एकच झरा होता, कातळेश्वराच्या देवळाखालचा, आणि देवळाची पूजा झिलू गुरवाकडे होती. गावाला काही विचारायचं असलं की झिलू पिंडीच्या दोन्ही अंगांना फुलांच्या ओल्या कळ्या चिकटवी. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हा देवाचा कौल. जन्मभर कौल लावून लावून, देव काय बोलणार ते आपल्याला आधीच कळतं, असं झिलूला वाटू लागलं होतं म्हणे.

एका वैशाखात झरा आटला. नुकतीच विधवा झालेली द्वारकी तिथं पाणी भरी, म्हणून सगळं खापर तिच्यावर फुटलं. गावचा मानकरी विसू गावकर देवळात आला.

"झिलू, कौल लाव. उजवी पडली तर द्वारकीन गाव सोडूचा. डावी पडली तर तिका वाळीत टाकूची."

द्वारकी तान्ह्या लेकीला घेऊन पायरीखाली उभी होती. झिलूनं कळ्या उचलल्या, पण लावल्या नाहीत. कुठलीही कळी पडो, या बाईचं वाटोळंच होणार. मग देवानं बोलायचं तरी काय?

"गावकरानू, तुमी देवाक इचारतास काय बांधून घालतास?"

"मगे तू काय करतलंस?"

"तेका मोकळो सोडतंय."

त्यानं दोन कळ्या नेहमीच्या जागी लावल्या आणि तिसरी पिंडीच्या माथ्यावर ठेवली. तिच्याकडे काहीच मागितलं नाही. बराच वेळ गेला. मग उजवी आणि डावी एकदमच पडल्या. मधली जागची हलली नाही. पिंडीच्या बुडातून पाणी पाझरलं, गाभारा भरला आणि पाणी पायऱ्या उतरून द्वारकीच्या पावलांपर्यंत गेलं, असं म्हणतात.

विसू गावकर आता तिच्याच पाया पडायला धावला. "माये, तुझ्या पुण्यायेन झाला!"

झिलूनं त्याला धरलं. "तिच्या पापान पाणी आटला नाय, नि तिच्या पुण्यान इला नाय. तेच्या मनात इला, म्हणान इला."

हे ऐकून गाव जरा हिरमुसलंच. देवाला कारण लागत नाही, हे माणसाला सहज पचत नाही.

झिलूला जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणाला ठाऊक नाही. कातळवण्यात अजून कौल लागतो, पण माथ्यावर झिलूची कळी ठेवल्याशिवाय नाही. कुणाला गावाबाहेर काढायचं असेल, तर आधी ती पडावी लागते, असा रिवाज आहे. लोक तासन्‌तास वाट बघतात, मग उठून आपापल्या घरी जातात. आजवर ती पडलेली नाही, असं म्हणतात.