तिसरी पिढी

आठवडी बाजारात विळ्या-कोयत्यांना धार लावणाऱ्या नामदेव साळुंख्यांची शेवंता लेखी परीक्षेत अव्वल आली आणि नामांकित तंत्रसंस्थेत मुलाखतीला गेली.

प्राध्यापक धारवाडकरांनी अर्ज चाळला. “घरात दहावीसुद्धा कोणी नाही? आमची इथं तिसरी पिढी. घरात शिक्षण नसलेली मुलं इथं टिकत नाहीत. तुझा कसा निभाव लागणार?”

“सर, तुमच्या घरातून इथं पहिलं कोण आलं?”

“आजोबा!” ते छाती फुगवून म्हणाले.

“मग त्यांना हा प्रश्न कोणी विचारला होता?”

शेजारचे परीक्षक हसू दाबत खाली बघू लागले. धारवाडकरांनी अर्ज मिटला.

प्रवेशाच्या यादीत शेवंताचं नाव नव्हतं.

“मुलाखत अवघड होती का गं?” बापानं विचारलं.

“नाही आबा. उत्तर साहेबांना आलं नाही, शून्य मला मिळालं.”