रानातली कुल्फी

फ्रिज घ्यायचा झाला तर विश्वास कोणावर ठेवाल, मंडळी? विकणाऱ्यावर, की त्याच्या शेजारच्या दुकानदारावर?

सोनवडीच्या मानाजीराजांनी एका बसचं फिरतं घर करून घेतलं आणि हट्ट धरला, की रानातल्या चार दिवसांच्या मुक्कामात रोज कुल्फी हवी! त्यांनी ड्रायव्हर गेनबाला फर्मावलं, "घरची वीज, गॅस किंवा बॅटरी. फ्रिज यांतल्या एकावरच चालेल. रानात इंजिन चालू करायचं नाही, पाखरं उडतात. गाडी सावलीतच उभी राहील. कुल्फी वितळली, की तुझी नोकरी गेली!"

गेनबाला घाम फुटला. त्याची लेक हौसा म्हणाली, "बाबा, चला बाजारात."

तिथं तिनं प्रत्येक दुकानदाराला दुसऱ्याच्याच मालाबद्दल विचारलं.

"गॅसचा फ्रिज?" बॅटरीवाला हसला. "गाडी जरा कलती उभी राहिली की रुसतो! अन् धावत्या गाडीत त्याची ज्योत पेटती ठेवणार?"

"बॅटरी?" गॅसवाला फिसकन हसला. "इंजिन बंद, की दुसऱ्या दिवशी राम म्हणते!"

घरच्या विजेबद्दल मात्र दोघांचं एकमत झालं. "रानात भिंतच नाही, प्लग खुपसणार कुठं?"

"झालं काम!" हौसा बापाला म्हणाली. "बॅटरीवरचाच फ्रिज घ्या. बॅटरीला नुसती भूक लागते, ती भागवता येईल. रानातला उतार आपण कुठं सपाट करणार?"

मुक्कामाच्या शेवटच्या दुपारी राजांनी कुल्फी चावली आणि त्यांचे दात शिवशिवले!

"लबाडी!" राजे ओरडले. "चार दिवस बॅटरी पुरते होय? चोरून इंजिन चालू केलंस, गेनबा!"

हौसा पुढं झाली. "पाखरांना विचारा, सरकार. एक तरी उडालं का?"

"मग सावलीतल्या गाडीत बॅटरी भरली कशी?"

हौसानं त्यांना बसमागं नेलं. लांब वायरीच्या टोकाला, मोकळ्या माळावर, बाजेवर पापड घालावेत तशी सोलर पॅनेलं ऊन खात पडली होती.

"एकच निवड म्हणालो होतो मी!"

"फ्रिज बॅटरीवरच चालतोय, सरकार. बॅटरीनं जेवायचं काय, ते आपण कुठं ठरवलं होतं? आणि सावलीचा हुकूम गाडीला होता. पापड कधी कुणी सावलीत घालतं का?"

राजे इतके हसले, की रानातली सगळी पाखरं त्यांनीच उडवली! गेनबाची नोकरी पक्की झाली, हौसा फिरत्या घराची कारभारीण झाली, आणि उरलेल्या कुल्फ्या बापलेकीच्याच.

तेव्हा मंडळी, तुम्हीही असं घर घेऊन निघालात, तर बॅटरीत दिवसा जमा किती, रात्री खर्च किती, एवढा हिशेब तेवढा खरा ठेवा हं!