बोटभर लेप

पूर्वी मणिकूट नगरात अरिंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका घोडेवैद्याच्या कुळात जन्म घेतला होता. त्याच नगरात राजाच्या पागेत दत्तिल नावाचा मोतद्दार होता. त्याची बायको उत्पला. लग्नाला महिनाही झाला नव्हता, पण नवऱ्याचे पहिले लग्न शोण नावाच्या तांबड्या घोड्याशी लागलेले आहे, हे तिला कळून चुकले होते. घोडा खरोखरच देखणा होता.

एके दिवशी रथाच्या लोखंडी आकड्याने शोणाचा पुढचा पाय गुडघ्याखाली फाटला. पागेचा मुख्य कालसेन धावत आला. त्याने कडुनिंबाचा दाट काढा राखेच्या पाण्यात कालवून कढत कढत जखमेवर ओतला. शोण किंचाळून मागच्या पायांवर उभा राहिला.

"झोंबतंय ना? म्हणजे लागू पडतंय," कालसेन म्हणाला.

तीन दिवस तो तसाच ओतत राहिला. जखमेच्या कडा काळ्या पडल्या, पाय केळीच्या खुंटासारखा सुजला. राजाची स्वारी पाच दिवसांनी सीमेवर निघायची होती, आणि स्वारीआधी लंगडा घोडा पागेतून काढून रानात सोडायचा, असा त्या नगराचा रिवाज होता. रानात वाघ होते.

राजाने दवंडी पिटवली: शोणाला चार पायांवर उभा करील तो राजवैद्य होईल.

बोधिसत्त्व आला. त्याने आधी जखमेवर ओले फडके धरले, कापलेले केस आत पडू नयेत म्हणून, आणि मग भोवतालचे केस कापले. पाणी उकळले, निववले, चिमूटभर मीठ घातले आणि घाण निघून जाईपर्यंत जखम धुतली. शेवटी निंबाच्या काढ्यात एवढे पाणी घातले की भांड्याचा तळ दिसू लागला.

"वैद्यबुवा, हे औषध आहे की पन्हं?" कालसेनने विचारले. सगळे हसले.

"कडक काढा कीड मारतो, तसं नवं मांसही मारतो," बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला. "कीड मरावी आणि मांस जगावं, इतकाच फिका हवा."

त्याने मध, तूप आणि हळदीचा लेप केला. तेवढ्यात शेजारच्या गावी घोडी अडल्याचा निरोप आला. निघता निघता त्याने दत्तिलला बजावले, "सकाळ-संध्याकाळ धुवायचं, आणि बोटभर लेप लावायचा."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी दत्तिल घरी येऊन म्हणाला, "अगं, तूप दे."

"परवाच गाडगंभर दिलं होतं."

"संपलं."

"अहो, घोडा ते खातो का लावतो?" उत्पला म्हणाली. "दर वेळी लावता तरी किती?"

"वैद्यबुवांनी सांगितलं तेवढंच. बोटभर." आणि त्याने तर्जनी आडवी धरून दाखवली, भिंतीला गिलावा किती जाड द्यायचा ते गवंडी दाखवतो तशी.

उत्पलाच्या हातातली रवी गळून पडली. "बोटभर म्हणजे बोटावर मावेल एवढं हो! काजळ बोटभर लावायचं म्हणजे काय गालभर लावतात?"

दोघे धावत सुटले. वाटेत तिचा पदर बाभळीला अडकला, तो तिने तसाच फाडून घेतला. पागेत पट्टी सोडली तर लेपाचा ओला थर घसरून खाली पडला. आतले मांस पाण्यात भिजलेल्या बोटासारखे पांढरे, आणि वास असा की उत्पलाने नाक दाबले.

कालसेनला तेच हवे होते. त्याने राजालाच बोलावून आणले. "महाराज, मोतद्दाराने घोडा नासवला. याचा हात तोडावा."

इतक्यात बोधिसत्त्व परतला. वाटेची धूळ अजून अंगावर होती.

"वैद्या," राजा म्हणाला, "तुझा उपाय चुकला, की याचा हात? हात चुकला असेल तर राजवैद्याची पगडी तुझी. उपाय चुकला असेल तर पगडी विसर."

'हात चुकला' एवढे एक वाक्य पुरे होते, आणि ते खोटेही ठरले नसते.

बोधिसत्त्वाने शोणाच्या पायाकडे पाहिले, मग दत्तिलच्या हाताकडे. "महाराज, लेप या हाताने लावला. पण शब्द माझा होता. मी 'बोटभर' म्हणालो आणि बोट दाखवलं नाही. घाईत होतो. चूक माझी."

"मग पगडी गेली," राजा म्हणाला. "स्वारीला दोन दिवस आहेत. घोडा उभा राहिला नाही तर तूही नगर सोड."

"तसंच होऊ दे, महाराज. आता पाणी तापवू द्या."

पुन्हा मिठाचे पाणी, पुन्हा फिका काढा. जखम कोरडी टिपून बोधिसत्त्वाने बोटाच्या टोकावर लेप घेतला आणि इतका पातळ पसरला की खालचा रंग दिसत राहिला. मग त्याने भांडे दत्तिलपुढे केले. "आता तू लाव, मी बघतो." दत्तिलने लावला तो लेपही पातळच बसला. दुसऱ्या दिवशी वास गेला. संध्याकाळी कडेने गुलाबी दाणे दिसले, डाळिंबाच्या कोवळ्या दाण्यांसारखे. उत्पलाने ते आधी पाहिले आणि जन्मात प्रथमच चारचौघांत मोठ्याने ओरडली, "मांस धरलं! मांस धरलं!"

स्वारीच्या सकाळी सगळे नगर पागेच्या अंगणात लोटले. शोणाने दुखरा पाय उचलला, टेकवला, परत उचलला. कुणी खोकलेसुद्धा नाही. मग त्याने खूर घट्ट रोवला, अंगाचा सारा भार त्यावर टाकला, मान उडवली आणि तो खिंकाळला! लोकांनी मुंडाशी हवेत फेकली. दत्तिल घोड्याच्या गळ्यात पडून रडू लागला, आणि उत्पलाला त्या सवतीचा अजिबात राग आला नाही.

"जखम भरायला अजून महिना लागेल," बोधिसत्त्व म्हणाला. "स्वारीला नेऊ नका."

राजा म्हणाला, "चुकलेले घोडेवैद्य मी पुष्कळ पाहिले. चुकलो म्हणणारा आज पाहिला." त्या दिवसापासून लंगडा घोडा रानात सोडणे त्या राज्यात बंद झाले. पगडीचा विषय मात्र निघाला नाही. बोधिसत्त्वानेही काढला नाही.

ही कथा सांगून भगवान शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा शोण म्हणजे आज पायाला फोड आलेला हा सुभग भिक्षू. दत्तिल म्हणजे त्याची शुश्रूषा करणारा नंदिय. उत्पला म्हणजे दारात बसलेली ही उपासिका, आणि घोडेवैद्य मीच होतो." कालसेन कोण, हे त्यांनी सांगितले नाही. सभेत दोघातिघांनी मात्र माना खाली घातल्या.

दुसऱ्याच्या हाताआड न लपता आपली चूक आपल्या तोंडाने सांगणे, ही बोधिसत्त्वाची सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पराकाष्ठा, होय.