करकोच्याचा उजवा पाय

दलदलीत तरसांचं राज्य होतं, आणि रोज सकाळी पक्ष्यांना रांगेत उभं राहून त्यांचे आभार मानावे लागत.

पूर्वी असं नव्हतं. भांडण झालं की करकोचा बाजू मांडायचा, सभा निवाडा करायची आणि शेवटी करकोचा ओल्या मातीच्या लादीवर उजवा पाय उमटवायचा. तीन बोटं स्पष्ट उमटली की निवाडा पक्का. मात्र ठसा चारचौघांत आणि आपणहून द्यायचा. बळजबरीचा ठसा कुणी मानत नसे.

तरस आले ते म्हणे रक्षणाला. आठवड्याभरात त्यांनी अंडी फस्त केली, पाण्यात घाण केली आणि मग एक लादी भरसभेत करकोच्यापुढे ठेवली. मजकूर होता, ‘आम्ही तरसांना राजीखुशीने बोलावलं.’ शी! लुटलं ते लुटलं, वर यांना संमतीही हवी! निर्लज्जपणाला काही सीमा?

करकोच्याने उजवा पाय उचलून पोटाशी घेतला. "हा खोट्यावर पडायचा नाही."

त्याला हाडांच्या ढिगामागे कोंडलं. सडक्या मांसाच्या वासाने तो ओकायचा, पण पाय खाली आला नाही. पहारेकरी हसायचे, "पक्षीच तो. राहतो उभा एका पायावर."

काही वर्षांनी बदकराव आला. एके काळी करकोच्याच्या हाताखाली शिकलेला. आता तरसांच्या उष्ट्यावर चांगलाच गुबगुबीत झाला होता.

"वकीलसाहेब, टेकवा की पाय. आजच घरी जाल. बाईसाहेब वाट बघून थकल्या हो."

घराचं नाव निघताच करकोच्याचे डोळे भरून आले. पाय पोटाशी आणखी घट्ट धरून तो म्हणाला, "लांबून बोल, बदकराव. तुझ्या पिसांना त्यांचा वास लागलाय."

पुढच्या हिवाळ्यात तो मेला. आता विचारायचं कुणाला? तरसांनी त्याचा पाय ओढून लादीवर दाबला. बोटं काही उघडेनात, तेव्हा तशीच दाबली आणि लादी पाणवठ्यावर मांडली.

सकाळी पक्षी आभाराच्या रांगेत आले. लादीवर तीन बोटं नव्हती. मिटलेल्या मुठीएवढा एक खड्डा होता.

म्हातारी टिटवी बराच वेळ बघत राहिली. मग तिने उजवा पाय उचलून पोटाशी घेतला. तिच्यामागे बगळ्याने घेतला, मग पाणकोंबडीने. बघता बघता सगळी रांग एका पायावर उभी राहिली. दोन्ही पाय चिखलात रोवून उभा होता तो एकटा बदकराव.

"पक्षीच ते," तरस हसत म्हणाले. "राहतात उभे एका पायावर."