एकही नंबर गाळला नाही

मुलींच्या खो-खोच्या मैदानावर मंगल कार्यालय बांधायचं, हे नगराध्यक्ष दिनकरराव खराट्यांनी ठरवूनच टाकलं होतं. भर सभेत त्यांनी या बेताच्या पाच हजार समर्थकांच्या मोबाइल नंबरांचा पेनड्राइव्ह रेवती गुंजाळपुढे टाकला. नगरपालिकेची वेबसाइट तीच सांभाळायची.

"आत्ता पडद्यावर दाखवा. एकही नंबर गाळलात, तर उद्यापासून कामावर येऊ नका."

रेवती त्याच मैदानावर खेळून मोठी झालेली. तिने अख्खी यादी जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतल्या 'सेट' नावाच्या संचात ओतली. सेटचा नियम असा, की एकच नंबर शंभरदा टाकला तरी तो एकदाच राहतो. पडद्यावर त्रेचाळीस नंबर आले.

"गाळायचं नाही म्हटलं होतं ना?" खराटे कडाडले.

"गाळलेला नाही. तुमच्या यादीतला असा एक नंबर दाखवा, जो पडद्यावर नाही. मी आत्ता राजीनामा लिहून देते."

खराट्यांनी हातातली छापील यादी दोनदा चाळली. सभेत खसखस पिकली.

"पण पाच हजारांचे त्रेचाळीस केलेत कसे?"

"मी काहीच केलं नाही, साहेब. त्रेचाळीसांचे पाच हजार कसे झाले, ते तुम्ही सभेला सांगा."